पाण्याखालची जमीन दिसू द्या: ओरिजिनमध्ये एकमेकांवर येणारे पारदर्शक सर्फेस प्लॉट कसे काढायचे

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो तो पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. जुनी माणसं अजूनही ‘मच्छिंद्री झाली का?’, म्हणजे पाणी पुराच्या जुन्या खुणेपर्यंत चढलं का, असंच विचारतात. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण त्या आकड्याला पाणी कुठल्या शिवारात आणि कुठल्या गल्लीत पोचेल हे नुसत्या आकड्यावरून दिसत नाही. त्यासाठी दोन पृष्ठभाग समोर हवेत: एक जमिनीचा, एक पाण्याचा. ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे पाण्याची कड.

हे चित्र काढायला बसलं की लगेच अडचण येते. पाण्याचा पृष्ठभाग वर आला की खालची जमीन झाकून जाते, आणि पुरात नेमकी तीच बघायची असते. म्हणून वरचा पृष्ठभाग पारदर्शक करावा लागतो. एम.एस्सी., पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या प्रबंधांत असे सर्फेस प्लॉट बरेच असतात. पण बऱ्याचदा दोन्ही पृष्ठभाग इंद्रधनुषी, दोन्ही पन्नास टक्के पारदर्शक, आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, अशी गत असते. माझं म्हणणं सरळ आहे. पारदर्शकता किती ठेवायची हा नंतरचा प्रश्न. वरच्या थरातून वाचकाला काय दिसायला हवं हे आधी ठरवा, आणि रंगपट्टी फक्त त्याच एका पृष्ठभागाला द्या.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ओरिजिन हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं, म्हणून सगळ्या पायऱ्या ओरिजिनमधल्या दिल्या आहेत. त्यातले त्रिमितीय आलेख आवृत्ती ९ पासून ओपनजीएल या त्रिमितीय चित्रण-यंत्रणेवर चालतात, त्यामुळे पृष्ठभाग एकमेकांत घुसलेले असले तरी नीट दिसतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर हे सगळं जमणार नाही. मेनूतली नावं आवृत्तीगणिक थोडी इकडेतिकडे होतात, तेवढं सांभाळून घ्या.

दोन्ही पृष्ठभाग एकाच मापात आहेत का?

ग्राफ काढण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारा. जमिनीची उंची मीटरमध्ये आणि पाण्याची उंचीही मीटरमध्ये, तीही एकाच पातळीपासून मोजलेली, तर ते दोन पृष्ठभाग एकाच झेड अक्षावर आणायला अर्थ आहे. त्यांच्या छेदरेषेलाही अर्थ आहे.

आता दुसरं उदाहरण घ्या. स्प्रे पायरोलिसिसने पातळ फिल्म केली, एक्स अक्षावर तापमान, वाय अक्षावर द्रावणाची मोलॅरिटी. एका पृष्ठभागावर फिल्मची जाडी नॅनोमीटरमध्ये, दुसऱ्यावर रोध ओहममध्ये. हे दोन्ही एकाच चौकटीत एकमेकांवर टाकले तर ते कुठेतरी छेदतीलच. पण ती छेदरेषा निव्वळ मापनपट्टीची करामत आहे. रोध किलोओहममध्ये लिहिला की रेषा दुसरीकडे सरकेल. अशा वेळी पारदर्शक सर्फेसच्या वाटेला जाऊ नका. एकाच एक्स-वाय प्रतलावर दोन कॉन्टूर, म्हणजे समोच्च रेषांचे आलेख, काढा, एकाला नुसत्या रेषा आणि दुसऱ्याला रंग. ते जास्त प्रामाणिकही असतं आणि वाचायलाही सोपं.

सरावासाठी मॅट्रिक्स तयार करणे

खऱ्या डेटाकडे नंतर वळू. आधी सूत्रातून एक काल्पनिक नदीकाठ बनवू, म्हणजे तुमचा आणि माझा ग्राफ सारखाच येईल. तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असा तुकडा, मधून वाहणारी नदी, दोन्ही बाजूंना चढत जाणारी जमीन.

मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेली आकड्यांची जाळी. नवीन मॅट्रिक्स बुक उघडा. मॅट्रिक्स मेनूतल्या डायमेन्शन/लेबल्समध्ये जाऊन १०१ स्तंभ आणि १०१ ओळी ठेवा. एक्स −१५०० ते १५००, वाय ० ते ३०००. म्हणजे दर ३० मीटरला एक बिंदू आला. ओरिजिनच्या मॅट्रिक्समध्ये स्तंभ एक्सच्या दिशेने आणि ओळी वायच्या दिशेने जातात, हे एकदा डोक्यात पक्कं केलं की पुढे नकाशा आडवा-उभा होण्याची भानगड येत नाही.

मग मॅट्रिक्स मेनूतूनच सेट व्हॅल्यूज उघडा आणि जमिनीचं सूत्र भरा:

५३० + एक्स × एक्स ÷ ९०००० + ४ × साइन(एक्स ÷ २००) × कॉस(वाय ÷ २५०)

टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे, गुणाकाराला तारा आणि भागाकाराला तिरकी रेघ. पहिला भाग नदीच्या तळाची उंची, दुसरा काठाकडे वाढत जाणारा चढ, आणि तिसरा चार मीटरपर्यंतचे उंचवटे-खोलगट. तिसरा भाग मुद्दाम घातला आहे. तो नसेल तर पाण्याची कड जवळजवळ सरळ रेघ येते आणि पारदर्शकतेची कसोटीच लागत नाही. कोन रेडियनमध्ये आहेत, ओरिजिनमध्ये मुळात तीच सोय असते. सगळं नीट भरलं असेल तर जमीन साधारण ५२७ ते ५५९ मीटरच्या दरम्यान येईल.

आता पाणी. मॅट्रिक्स खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसं बटण असतं, त्यावर टिचकी मारून ‘ॲड’ निवडा. त्याच शीटमध्ये दुसरं मॅट्रिक्स ऑब्जेक्ट तयार होईल. त्यात सूत्र:

५४२ + वाय ÷ ३०००

तीन किलोमीटरला एक मीटर उतार. सरावापुरता हा उतार पुरे. पंचगंगेच्या मोठ्या पुरात खाली कृष्णेला फुग आलेली असते, म्हणजे पाणी मागे तुंबलेलं असतं, तेव्हा पाण्याचा उतार फारच कमी होतो, पण तो शून्य धरून सगळीकडे एकच आकडा टाकणंही बरोबर नाही.

दोन्ही पृष्ठभाग एकाच शीटमध्ये ठेवण्याचं कारण असं, की त्या शीटमधल्या सगळ्या ऑब्जेक्टना एकच आकारमान आणि एकच एक्स-वाय व्याप्ती मिळते. बिंदूवर बिंदू बसतो. पुढे वजाबाकी करायची आहे, तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

ग्राफ उभा करणे

मॅट्रिक्स शीट समोर ठेवून प्लॉट मेनू, त्यात ३डी, आणि त्यात मल्टिपल कलरमॅप सर्फेसेस निवडा. शीटमधली सगळी ऑब्जेक्ट एकाच ग्राफमध्ये येतील. सुरुवातीला चित्र भडक दिसेल, दोन्ही पृष्ठभागांवर सगळे रंग आणि वर काळी जाळी. घाबरू नका.

झेड अक्ष ५२० ते ५७० असा हाताने ठरवा. तो आपोआप ठरू दिला तर पाण्याची पातळी बदलली की अक्षही बदलतो, आणि दोन चित्रं शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

ग्राफवर दोनदा टिचकी मारली की प्लॉट डिटेल्स उघडतं. डाव्या बाजूच्या झाडात लेयर आणि त्याखाली दोन पृष्ठभाग दिसतील. यापुढचं जवळजवळ सगळं काम इथेच आहे. आपण कुठल्या पृष्ठभागावर उभे आहोत हे दरवेळी डावीकडे बघून घ्या, नाहीतर पाण्याचे बदल जमिनीला लागतात.

पारदर्शकता: खरं काम इथे आहे

डावीकडे पाण्याचा पृष्ठभाग निवडा आणि फिल टॅबवर या. कलरमॅप, म्हणजे उंचीप्रमाणे बदलणारे रंग, काढून टाका आणि एकच सपाट निळा रंग द्या. त्याच टॅबवर पारदर्शकतेची सरकपट्टी आहे, ती ६० टक्क्यांवर आणा आणि ॲप्लाय दाबा. जमिनीच्या पृष्ठभागाला हात लावू नका. ती शून्य टक्के पारदर्शक, म्हणजे पूर्ण भरीव राहू द्या.

पाण्याला कलरमॅप का नको, हे आकड्यांत बघू. पारदर्शक थरातून दिसणारा रंग म्हणजे दोन रंगांची सरळ सरासरी असते, प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे. पाणी ६० टक्के पारदर्शक असेल तर ४० टक्के रंग पाण्याचा आणि ६० टक्के खालच्या जमिनीचा. समजा जमिनीवर एका ठिकाणी शुद्ध पिवळा आहे, म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. वरचं पाणी शुद्ध निळं, म्हणजे ०, ०, २५५. डोळ्याला दिसणारा रंग येतो १५३, १५३, १०२. हा मळकट शेवाळी रंग बाजूच्या रंगपट्टीवर कुठेच नाही, किंवा असलाच तर भलत्याच उंचीसमोर आहे. वाचक रंगपट्टी बघून उंची वाचतो आणि ती चुकीची वाचतो. दोन्ही पृष्ठभागांना कलरमॅप दिला तर हा घोळ प्रत्येक बिंदूवर वेगवेगळा होतो, त्याची भरपाई करायला काही मार्ग उरत नाही. वरचा थर एकाच रंगाचा असेल तर निदान सगळीकडे सारखाच फरक पडतो आणि डोळा तो समजून घेतो.

म्हणूनच जमिनीसाठीही इंद्रधनुषी पट्टी टाळा. फिकट मातकट ते गडद तपकिरी अशी एकाच घराण्यातली छटा घ्या. त्यावर निळं पाणी आलं की रंगाची जात बदलते पण गडद-फिकटपणाचा क्रम टिकून राहतो, आणि उंचीचा अंदाज डोळा त्या क्रमावरूनच घेतो.

६० हा आकडा काही शिलालेख नाही. जमिनीची छटा गडद असेल तर ७० लागेल. पण ४० च्या खाली गेलात तर खालचं दिसणं बंद होतं, आणि ८५ च्या वर गेलात तर पाणी आहे की नाही हेच कळत नाही. थर वाढले की गणित झपाट्याने बिघडतं. ६० टक्के पारदर्शक असे तीन थर एकावर एक आले, तर तळाचा फक्त सुमारे २२ टक्के रंग वर पोचतो, कारण ०.६ चा घन ०.२१६ येतो. ३९ फूट, ४३ फूट आणि महापुराची पातळी असे तीन पाण्याचे पृष्ठभाग एकाच चित्रात घालायचा मोह होतो. तो आवरा. तीन वेगळी चित्रं शेजारी शेजारी ठेवा, कोन तोच, झेड अक्ष तोच, छटा तीच.

एक गोष्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्यांसाठी. ओरिजिनमध्ये १०० टक्के म्हणजे पूर्ण आरपार. मॅटलॅबमधला फेसअल्फा आणि पायथनमधला अल्फा याच्या उलट चालतो, तिथे १ म्हणजे भरीव आणि ० म्हणजे आरपार. ओरिजिनचे ६० टक्के म्हणजे तिकडचे ०.४.

पाण्याचं प्रतल काठाच्या जमिनीखालीही पसरलेलं असतं, ते कापून टाकावं का, असं पुष्कळ जण विचारतात. गरज नाही. जमीन भरीव आहे, तिच्या आतलं पाणी आपोआप झाकलं जातं. पाणी जिथे जमिनीपेक्षा खाली आहे तिथले बिंदू रिकामे करायचे ठरवलंत, तर कड ३० मीटरच्या पायऱ्यापायऱ्यांनी तुटक दिसायला लागते. न कापता सोडलं तर छेदरेषा गुळगुळीत येते.

जाळी, भिंती आणि उजेड

मेश टॅबवर जाऊन पाण्याची जाळी पूर्ण बंद करा. पारदर्शक थरावर १०१ रेषांची जाळी म्हणजे खिडकीवर लावलेली गडद मच्छरदाणीच. जमिनीची जाळीही बंद केलेली बरी. त्याऐवजी कलरमॅप/कॉन्टूर्स टॅबमधून जमिनीवर दर पाच मीटरला एक बारीक समोच्च रेषा ठेवा. पाण्याखालून जाणाऱ्या या रेषा दिसायला लागल्या, की वरचा थर पारदर्शक आहे हे वाचकाला न सांगता कळतं.

जमिनीसाठी साइड वॉल्स चालू करा. कडेने जमीन कापलेल्या ढेकळासारखी भरीव दिसते आणि पाण्याचं प्रतल बाजूने लोंबकळताना दिसत नाही. पाण्याला भिंती नकोत.

लायटिंग लेयरच्या पातळीवर असतं. दिशादर्शक प्रकाश निवडल्यावर उंचवटे उठून दिसतात, त्याशिवाय जमीन सपाट कागदासारखी वाटते. पण चकाकी, म्हणजे स्पेक्युलर घटक, अगदी कमी ठेवा. सपाट पारदर्शक प्रतलावर चकाकी पडली की तिथे पांढरा डाग येतो आणि त्याखालचं सगळं गायब होतं. नदीचं पाणी चकाकतं हे खरं, पण आपण इथे मोजमाप दाखवतो आहोत.

कोन आणि उभी ताण

फार वरून पाहिलं तर तो नकाशा होतो, फार बाजूने पाहिलं तर पाण्याचं प्रतल रेघेसारखं दिसतं. मधला कोन शोधा, नदीच्या लांबीला थोडं तिरकं उभं राहा, आणि समोरचा काठ मागच्याला झाकत नाही ना ते बघा. हाताने फिरवून कोन पसंत पडला की ॲक्सिस टॅबमधले ॲझिमथ, इन्क्लिनेशन आणि रोलचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या चित्रांना तेच आकडे द्यायचे.

त्याच टॅबवर अक्षांच्या लांब्या असतात. एक्सला १०० एकक दिले तर एका एककात ३० मीटर आले. झेडला ५० एकक दिले, आणि तिथे ५० मीटर आहेत, तर एका एककात १ मीटर. म्हणजे उंची ३० पट ताणलेली आहे. एवढी ताण नसेल तर तीन किलोमीटरच्या तुकड्यात पंचवीस-तीस मीटरची उंची दिसणारच नाही, त्यामुळे ती द्यायलाच हवी. पण ती चित्राखाली लिहायलाही हवी. नाहीतर सपाट माळ पन्हाळ्याच्या उतारासारखा दिसतो आणि बघणाऱ्याचा गैरसमज होतो.

पाण्याची कड ठळक करणे

पुराच्या चित्रात सगळ्यांचं लक्ष जिथे जायला हवं ती ही रेषा. पारदर्शकतेमुळे ती दिसते, पण अंधूक. तिला वेगळं ओढून काढणं सोपं आहे.

ग्राफ काढून झाल्यावर मॅट्रिक्स शीटमध्ये तिसरं ऑब्जेक्ट वाढवा आणि त्यात पाणी वजा जमीन भरा. हे पाण्याच्या खोलीचं मॅट्रिक्स झालं: धन असेल तिथे पाणी, ऋण असेल तिथे कोरडं, शून्य असेल तिथे कड. ते ग्राफनंतर करा असं म्हणतो, कारण आधी केलं तर ग्राफमध्ये तिसरा पृष्ठभागही येऊन बसतो.

आता या तिसऱ्या मॅट्रिक्सचा साधा कॉन्टूर ग्राफ काढा. कलरमॅपच्या लेव्हल्समध्ये ० ही पातळी नक्की असू द्या. शून्याच्या रेषेवर उजवी टिचकी देऊन एक्स्ट्रॅक्ट कॉन्टूर लाइन निवडलं की रेषेचे एक्स आणि वाय वर्कशीटमध्ये उतरतात. शेजारी तिसरा स्तंभ घ्या, त्याला झेड ठरवा आणि त्यात पाण्याचंच सूत्र भरा, पण ०.३ मीटर वाढवून. एवढं वर उचललं नाही तर रेषा दोन्ही पृष्ठभागांच्या नेमक्या वीणीत अडकते आणि मध्येमध्ये तुटलेली दिसते. मग लेयर कंटेंट्समधून हे तीन स्तंभ मूळ ग्राफमध्ये ३डी स्कॅटर म्हणून जोडा, चिन्हं बंद करा, जोडरेषा चालू करा, गडद निळी आणि दोन पॉइंट जाड.

याच खोलीच्या मॅट्रिक्सचा आणखी एक सुंदर उपयोग आहे. जमिनीच्या फिल टॅबवर कॉन्टूर फिल फ्रॉम मॅट्रिक्स असा पर्याय आहे आणि त्यासमोर ‘सेल्फ’ची खूण. ती खूण काढून खोलीचं मॅट्रिक्स निवडा. आता जमिनीचा आकार उंचीचा आणि रंग पाण्याच्या खोलीचा. लेव्हल्समध्ये शून्याखालचं सगळं एका फिकट राखाडी रंगात टाका आणि वर निळ्याच्या वाढत्या छटा द्या. कुठे गुडघाभर, कुठे दोन पुरुष पाणी, हे एका नजरेत समजतं. असं केल्यावर वरच्या पाण्याला गडद निळा ठेवू नका, खोलीचे रंग त्यात मिसळतील. जवळजवळ पांढरा रंग आणि ८५ टक्के पारदर्शकता ठेवा. नागरिकांना, ग्रामपंचायतीला किंवा शाळेत दाखवायचं चित्र असेल तर मी हीच पद्धत घ्यायला सांगेन.

खरा डेटा आणताना

जमिनीच्या उंचीचा मोफत डेटा मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने उंची मोजणाऱ्या एसआरटीएम मोहिमेचा ३० मीटर जाळीचा डेटा आहे, आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहावरून केलेला आहे. तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात आणा म्हणजे अंशांचे मीटर होतील, हवा तेवढा तुकडा कापा आणि एक्स-वाय-झेड मजकूर म्हणून बाहेर काढा. ओरिजिनमध्ये आणल्यावर झेड स्तंभ ठरवून वर्कशीट मेनूतल्या कन्व्हर्ट टू मॅट्रिक्स, मग एक्सवायझेड ग्रिडिंगमध्ये जा. बिंदू आधीच सारख्या अंतरावर असल्यामुळे रेग्युलर पद्धत निवडा.

स्वतः सर्वेक्षण करून गोळा केलेले विखुरलेले बिंदू असतील तर क्रिगिंग, शेपर्ड किंवा थिन प्लेट स्प्लाइन अशा मधल्या जागा भरून काढणाऱ्या पद्धतींतून निवड करावी लागते. दोन गोष्टी सांभाळा. जमीन आणि पाणी दोन्हींसाठी स्तंभ-ओळींची संख्या आणि एक्स-वाय व्याप्ती अगदी तीच ठेवा. आणि जिथे बिंदूच नाहीत त्या कोपऱ्यांत सॉफ्टवेअरने काढलेल्या पृष्ठभागावर विश्वास ठेवू नका. असे कोपरे व्याप्तीतूनच कापून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंधाऱ्यावरचे ४३ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून ४३ फूट नव्हेत, तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून ४३ फूट. त्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जलसंपदा खात्याकडून अधिकृतपणे घ्या, फुटांना ०.३०४८ ने गुणून मीटर करा आणि त्यात मिळवा. उंचीचा डेटा जिऑइडपासून (साधारण समुद्रसपाटी) मोजलेला आहे की एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गणिती आकार) तेही तपासा. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. तो लक्षात घेतला नाही तर सगळं कोल्हापूर बुडालेलं किंवा पंचगंगा कोरडी ठणठणीत दिसेल.

शिवाय डेटाची ऐपत ओळखा. इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्यात चार फूट, म्हणजे १.२२ मीटरचं अंतर आहे. एसआरटीएमच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते, आणि रडारला उघडी जमीन न दिसता घरांची छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात. त्या डेटावर ३९ आणि ४३ फुटांच्या दोन वेगळ्या कडा काढून ‘इथपर्यंत पाणी येणार’ असं सांगणं धोक्याचं आहे. लोक त्यावरून जनावरं हलवायची की नाही हे ठरवतात. असं चित्र समजावून सांगण्यापुरतंच वापरा. प्रत्यक्ष पूररेषेसाठी जागेवर केलेलं सर्वेक्षणच लागतं.

दोन्ही पृष्ठभाग तितकेच महत्त्वाचे असतील तर

मॉडेलने दिलेला पृष्ठभाग आणि प्रयोगातून मिळालेला पृष्ठभाग यांची तुलना प्रबंधांत नेहमी लागते. इथे माप एकच असतं, म्हणून एकत्र दाखवायला हरकत नाही. पण प्रयोगाचे वीस-पंचवीस बिंदू असताना त्यांचाही गुळगुळीत पृष्ठभाग करून दाखवणं मला पटत नाही, कारण मोजलेलं किती आणि मध्ये भरलेलं किती हे त्यात लपतं. मोजलेले बिंदू ३डी स्कॅटरने गोळ्यांसारखे दाखवा आणि मॉडेलचा पृष्ठभाग निळा आणि ५० टक्के पारदर्शक ठेवा. वरचे बिंदू स्पष्ट दिसतील, खालचे थोडे निळसर होऊन दिसतील, आणि मॉडेल कुठे जास्त सांगतं आणि कुठे कमी, ते लगेच कळेल.

दोन्ही खरोखरच दाट मोजमापाचे पृष्ठभाग असतील, तर एकाला एकच निळा, दुसऱ्याला एकच नारिंगी, आणि दोन्ही ४० ते ५० टक्के पारदर्शक. रंगपट्टी कुणालाच नको, उंची अक्षावरून वाचू द्या.

ओरिजिन नसेल तर

मॅटलॅबमध्ये सर्फ, मग होल्ड ऑन, मग दुसरं सर्फ, आणि फेसअल्फा एवढं पुरतं. छेदणारे पृष्ठभाग तिथे बरोबर येतात. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये मात्र जपा. ते खरं त्रिमितीय चित्रण करत नाही, एक आख्खा पृष्ठभाग दुसऱ्याच्या पुढे किंवा मागे टाकतं. त्यामुळे जिथे ते एकमेकांत घुसतात तिथे चित्र चुकीचं येतं, आणि पारदर्शकतेमुळे ही चूक पटकन लक्षातही येत नाही. पायथनच वापरायचं असेल तर प्लॉटली किंवा पायव्हिस्टा घ्या. पायव्हिस्टा आणि पॅराव्ह्यूमध्ये डेप्थ पीलिंग चालू केलं की पारदर्शक थरांचा मागचा-पुढचा क्रम नीट लागतो.

बाहेर काढणे आणि छापणे

एक्सपोर्ट करण्याआधी लेयरच्या साइझ/स्पीड टॅबवरचा स्पीड मोड बंद करा. तो चालू असेल तर मोठ्या मॅट्रिक्समधले बिंदू गाळले जाऊ शकतात आणि कड खडबडीत येऊ शकते.

फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून ६०० डीपीआयचा टिफ किंवा पीएनजी काढा. ईपीएस टाळा, पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता मुळातच माहीत नाही. वर्डमध्ये चिकटवताना चित्र म्हणूनच चिकटवा. ओरिजिनचा जिवंत ग्राफ आत ठेवला की फाइल जड होते, आणि तो बदलायचा तर मार्गदर्शकांच्या संगणकावरही ओरिजिन लागतं.

प्रबंधाच्या काही प्रती काळ्या-पांढऱ्यात निघतातच. राजारामपुरीत बाइंडिंगला देण्याआधी एक पान राखाडीत छापून बघा. मध्यम निळा आणि मध्यम तपकिरी राखाडीत एकसारखे होतात आणि पाणी नाहीसं होतं. तसं झालं तर पाणी फिकट करा, जमीन गडद करा. आपण वेगळी ओढलेली कडेची जाड रेषा अशा वेळी चित्र वाचवते.

चित्राखालच्या ओळीत पाण्याची पातळी कुठल्या मोजपट्टीवरची, जमिनीच्या उंचीचा डेटा कुठला आणि किती मीटर जाळीचा, उभी ताण किती पट आणि पाणी किती टक्के पारदर्शक, एवढं लिहा. मग ग्राफवर उजवी टिचकी देऊन ही सगळी मांडणी थीम म्हणून साठवा. पुढच्या पातळीचं चित्र काढताना फक्त पाण्याच्या सूत्रातला ५४२ हा आकडा बदला आणि कड पुन्हा काढून घ्या.